पट्टी डावीकडे

६ ऑक्टोबर, सोमवार

मी खाटकाच्या दुकानात लटकले आहे. सॉसेजच्या दोन माळांच्या मधोमध, लाल कोट घालून.

सणाच्या समितीच्या पेन्नीसी मास्तरांनी मागच्या वर्षीचं कॅलेंडर माझ्या टेबलावर आपटलं. म्हणाले, "फेब्रुवारी बघ." बघितला. "आता जुलै." जुलैत मी चपलांच्या ढिगावर बसलेय. ऑगस्टमध्ये औषधांच्या बाटल्यांतून पोहतेय. बारा महिने, बारा दुकानं, आणि प्रत्येक काचेत मी — डोळ्याला कॅमेरा, बूड मागे काढून! "अगातीना, समितीनं दुकानांचं कॅलेंडर मागितलं होतं," म्हणाले, "तुझं नाही."

काच म्हटली की तिच्यात समोरचं दिसणारच. काच काय मी बसवली? पण हे फक्त वहीत. मास्तरांनी मला चौथीत भूगोल शिकवलाय. ते सत्त्याऐंशीचे, मी त्रेसष्टची, तरी अजून ते आले की मी उठून उभी राहते.

मेलेल्यांच्या सणाला, २ नोव्हेंबरला, काचा सजवायची स्पर्धा यंदाही आहेच, पण नियम बदललाय. गेल्या वेळी परीक्षक दारोदार फिरले, जिथे जे मिळेल ते चापलं, आणि बाराही दुकानांना पहिलं बक्षीस देऊन पोट धरून घरी गेले. यंदा परीक्षक बाई कातानिया शहरातच बसणार आणि नुसते फोटो बघणार. माझे फोटो. २८ तारखेपर्यंत द्यायचे. जिंकेल त्याच्या दारात वर्षभर पर्यटकांच्या बसगाड्या थांबणार.

"आणि काचेत तू नकोस," जाता जाता मास्तर म्हणाले. "कोणीच नको."

८ ऑक्टोबर, बुधवार

नवं बटण सापडलं. पासपोर्टच्या फोटोंतले मुरूम आणि कबरीवर लावायच्या अंडाकृती फोटोंतल्या सुरकुत्या मी वर्षानुवर्षं याच कॉम्प्युटरवर घालवते. आता त्याला म्हणे स्वतःची अक्कल फुटली आहे. काचेवरचं प्रतिबिंब कुठलं आणि आतला माल कुठला, ते तोच ओळखतो. फोटोखाली एक पट्टी येते. ती उजवीकडे सरकवत नेली की प्रतिबिंब विरत जातं.

खाटकाचा जुना फोटो घेतला. सरकवली पट्टी. गेले मी! सॉसेज तेवढे राहिले. खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं.

चपलांच्या दुकानात मात्र त्यानं आगाऊपणा केला. माझा कोट पुसला, पण कोटाखाली काय होतं ते त्याला कळेना, म्हणून मनानंच एक बूट घातला. आता त्या जोडात तीन बूट आहेत. तीन पायांचं गिऱ्हाईक शोधायला हवं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अरे देवा. अरे देवा, काय सापडलंय मला!

सकाळी औषधाच्या दुकानाचा फोटो काढला. घरी येऊन पट्टी धरली, तेवढ्यात शिंक आली आणि हात उलटीकडे गेला. डावीकडे. औषधं गेली, बाटल्या गेल्या, काचसुद्धा गेली. उरला फक्त रस्ता. माझ्या पाठीमागचा रस्ता, स्वच्छ, जसा काही मी त्याचाच फोटो काढला होता.

आणि रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या बारमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर आपले फादर इन्यात्सिओ. पुढ्यात बदामाचं ग्रानिता, साखरेनं गच्च बर्फ, हातात टोपीवाला गोड पाव, ब्रिओश, ब्रिओश ग्रानितात बुडवलेली, तोंड उघडं. डॉक्टरनं साखर बंद केली आहे म्हणून मागच्या रविवारी अर्धा तास संयमावर प्रवचन झोडलं होतं! दाखला स्वतःचाच दिला होता.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. मला तर वाकावंही लागलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना संपल्यावर दारात फादरना गाठलं. विचारलं, "फादर, ब्रिओश वरची टोपी आधी बुडवता की बूड आधी?"

कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "देव सगळं बघतो, अगातीना."

"त्याला सवड नसेल तेव्हा मी बघते," म्हटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज लोखंडी सामानाचं दुकान. पट्टी आधी डावीकडे! आता रीतच ठरवली आहे: काम नंतर, गंमत आधी.

काचेत तानो न्हावी. खांद्यावर गॅसचा भरलेला सिलिंडर, चालतोय कसा तर लग्नातल्या नवरदेवासारखा. हाच तानो संताची पालखी उचलायची वेळ आली की कमरेवर हात ठेवून कण्हतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट त्यानं दुकानात फ्रेम करून लावलंय.

छोटी प्रत छापून ठेवली. कधी ना कधी कामाला येईल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज वेनेराचं दुकान.

टाळत होते. बारातलं एक, आणि तेही नेमकं माझ्या दारासमोर, मध्ये आठ पावलांचा रस्ता. वेनेरा माझी थोरली बहीण. सहा वर्षं एक शब्द नाही. आईचं मिठाईचं दुकान ती चालवते, बाबांचा स्टुडिओ मी. सकाळी दोघी एकाच वेळी शटर वर करतो आणि दोघी दुसरीकडे बघतो. आता सवयही झाली आहे.

काल तानो दाढीचा साबण फेसत फेसत सांगत होता, वेनेराचं काही खरं नाही. गिऱ्हाईक सगळं हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जातं. यंदा बक्षीस मिळालं, बसगाड्या आल्या तर ठीक, नाहीतर सण झाला की दुकान बंद आणि ती तोरिनोला मुलाकडे. कायमची.

"मग?" मी म्हटलं.

"मग काही नाही, अगातीनाबाई. सांगितलं आपलं."

जाऊ दे तोरिनोला. तिथे धुकं असतं. सांधे दुखतील.

तर काय केलं, ते लिहूनच ठेवते. बाकी अकरा दुकानांचे फोटो मी सकाळच्या सावलीत काढले. वेनेराचा काढायला बरोबर साडेचारला गेले, जेव्हा ऊन तिच्या काचेवर सरळ आदळतं आणि काचेचा आरसा होतो. मुद्दाम! त्या रस्त्यावर जन्म गेलाय माझा, ऊन कधी कुठे पडतं ते मला विचारा. कॅमेऱ्यातून बघितलं तर मिठाई नाही, बाहुल्या नाहीत, काही नाही. नुसता माझा स्टुडिओ, माझा बोर्ड आणि मधोमध मी, लाल कोटात. आत वेनेरा होती की नव्हती, देव जाणे. एकच काढला आणि परत आले.

घरी पट्टी डावीकडे ओढली. आणखीच स्पष्ट मी. रस्ता रिकामा, मागे बंद खिडक्या, आणि एक म्हातारी कॅमेरा धरून उभी. या फोटोत कुणाचंच लफडं सापडलं नाही.

उजवीकडे ओढलीच नाही. तिचा माल बघायची मला हौस नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कोणी विचारलं नाही, पण भांडण कशावरून ते सांगते. वहीला तरी कळू दे कोणाची चूक.

आई गेली तेव्हा कबरीवरचा फोटो मी केला. दुसरं कोण करणार? माझ्याकडे आईचा एक फोटो आहे, मी सतरा वर्षांची असताना बाबांच्या कॅमेऱ्यानं रस्त्यावरून काढलेला. आई दुकानात, काचेमागे, कणकेचे हात वर धरून हसतेय. खदाखदा हसतेय. आई तशी वेनेराबरोबर सदा हसायची, त्या दोघींचं दिवसभर खिदळणं चालायचं. मी बाबांची मुलगी, घुमी. माझ्याकडे बघून आई अशी हसली ती तेवढी एकदाच. आणि तेव्हा माझ्या हातात कॅमेरा होता.

त्या फोटोत काचेवर आईच्या खांद्याशी एक पांढुरका डाग होता. मी चार दिवस खपून तो पुसला. एकेक ठिपका. इतका सुंदर फोटो या स्मशानभूमीत दुसरा नाही, कोणीही सांगेल.

दगड बसवला त्या दिवशी वेनेरानं बघितलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "मला पुसून टाकलंस."

मी म्हटलं, "तू कुठे होतीस त्यात?"

"तेच," म्हणाली. आणि निघून गेली.

तिला विचारलं नाही म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय! थोरलेपणाचा ताठा. सहा वर्षं झाली, मी काही तिच्या दारात जाणार नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तानो स्वतःच्या दुकानाचा फोटो बघायला आला. काचेत त्यानं ब्रशांची झाडं केली आहेत आणि एका साखरेच्या कवटीला दाढीचा फेस लावलाय. डोकं चालतं मेल्याचं.

मी म्हटलं, थांब, गंमत दाखवते. पट्टी डावीकडे ओढली. सिलिंडरची आठवण करून द्यायची होती, त्याआधी जरा खेळवावं म्हटलं.

ब्रश गेले, कवटी गेली, समोरची भिंत आली. भिंतीशी खुर्ची. खुर्चीवर एक म्हातारा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

तानो पांढराफटक. क्रॉस केला. "बाबा," म्हणाला.

त्याचा बाप, बास्त्यानो न्हावी, चौदा वर्षांपूर्वी गेला. तिथेच बसायचा तो, त्या भिंतीशी, तशाच खुर्चीवर.

आता मला माहीत होतं तो कोण आहे. मी फोटो काढत होते तेव्हा तानो स्वतःच दुकानाबाहेर येऊन समोर बसला होता, माझं काम नीट चाललंय का बघायला, बापाची टोपी घालून! दिवसभर आरशासमोर उभा राहणारा माणूस, आणि स्वतःला ओळखत नाही. त्याला वाटतं तो अजून चाळिशीचा आहे.

सांगणारच होते. पण त्यानं हळूच विचारलं, "रागावल्यासारखे दिसतात का हो?"

"नाही," म्हटलं. "बरे दिसतात."

डोळे पुसत गेला. सिलिंडरचं राहूनच गेलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तानोनं घरातली किसणी लपवली! मेलेले सणाच्या पहाटे मिठाई घेऊन येतात आणि द्वाड पोरांचे तळपाय किसणीनं किसतात, म्हणून लहानपणी आम्ही सगळेच किसण्या लपवायचो. तानो साठ वर्षांचा आहे. बायको चीज कशावर किसू म्हणून गल्लीभर ओरडत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

न्हाव्याच्या पोटात तीळ भिजत नाही. तीन दिवसांत सगळ्या गावात झालं: अगातीनाला काचेत मेलेले दिसतात.

सकाळपासून चार जण आले. नोटरीची विधवा कुठल्याशा लग्नाचा फोटो घेऊन आली, मागे हॉटेलची काच. म्हणाली, "बघ गं, हे आहेत का कुठे." मी पट्टी ओढली. एक स्कूटर निघाली, बस. बाई पडद्यावर ओठ टेकून म्हणाली, "त्यांचीच!" त्यांच्याकडे स्कूटर होती का, विचारलं. नव्हती, म्हणाली, पण फार मनात होतं त्यांच्या.

मग हो म्हटलं.

फादर इन्यात्सिओ दारातून डोकावून म्हणाले, "अगातीना, हे पाप आहे." मी म्हटलं, "फादर, साखर शून्य आहे यात." डोकं मागे घेतलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज सात जण. दोन अंडी, एक बरणी वांगी आणि एक जिवंत कोंबडा मिळाला. कोंबडा परत केला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

तानो निरोप घेऊन आला. निरोप! सहा वर्षांत पहिला. वेनेराकडे बदामाच्या मिठाईची फळं घ्यायला गेला होता, तिला सगळं सांगितलं, बापाचंसुद्धा. ती म्हणे साच्यातून साखरेचा घोडेस्वार काढत होती. काढून झाल्यावर म्हणाली, "तिला सांग, मेलेल्यांचं राहू दे. जिवंत माणूस दिसतंय का ते बघ आधी."

"एवढंच?"

"एवढंच. आणि घोड्याचा पाय मोडला, तो मला खायला दिला."

टोमणा मारल्याशिवाय तिला जेवण जात नाही. जळते, दुसरं काय. माझ्या दारात रांग आणि तिच्या दारात माशा.

पण मग दुपारभर तेच डोक्यात फिरत राहिलं. जिवंत माणूस म्हणजे कोण?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फोटो दिले. अकरा दुकानं आरशासारखी — नाही, आरशासारखी अजिबात नाहीत, तीच तर खुबी. बारावं वेनेराचं. त्यात मी, माझा बोर्ड आणि ऊन.

मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय?"

"यंत्रानं हात टेकले, मास्तर. ऊनच तसं होतं."

"तू नकाशाच्या वेळीही असंच म्हणायचीस. कुत्र्यानं खाल्ला."

पाकिटात घातले. शनिवारी दुपारच्या बसनं कातानियाला जाणार.

जिंकले मी. घरी येऊन कॉफी केली तर ती कडू लागली. साखर घातली होती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

समोर सामान भरायची रिकामी खोकी आली आहेत. चपटी, दोरीनं बांधलेली. वेनेरानं स्वतः आत नेली, एकेक करून. वाकताना आता तीही कमरेवर हात ठेवते, आणि तिच्याकडे सर्टिफिकेट नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी गाव झोपलेलं असताना दार लावून घेतलं. म्हटलं, लोकांचे मेलेले खूप बघितले, आपला एक बघू या. गंमत म्हणून. खरं तर गंमत म्हणून नाही. दोन दिवस ती खोकी डोळ्यांसमोरून जात नव्हती आणि आईला बघावंसं वाटत होतं.

जुन्या डब्यातून ती निगेटिव्ह काढली. कबरीवरचा पुसलेला फोटो नाही, मूळची. कॉम्प्युटरवर घेतली. आई आली, कणकेचे हात, ते हसू, खांद्याशी तो पांढुरका डाग. पट्टी धरली आणि सवयीनं डावीकडे ओढली.

आई विरत गेली. रस्ता आला. रस्त्यावर मी, सतरा वर्षांची, काटकुळी, चेहऱ्यापुढे कॅमेरा. आणि माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, वेनेरा.

तिच्या अंगात पांढरा एप्रन. जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. डावा डोळा मिटलेला, दोन्ही अंगठे कानांत घालून बोटं पसरलेली. माझा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, मला ती दिसलीच नव्हती. आई तिच्याकडे बघून हसत होती.

डाग नव्हता तो. तिचा एप्रन होता. चार दिवस खपून मी माझ्या बहिणीला पुसलं, एकेक ठिपका, आणि वर तिलाच विचारलं, तू कुठे होतीस त्यात. ती म्हणाली, तेच. बरोबरच म्हणाली. सेहेचाळीस वर्षं मी ते हसू माझं म्हणून जपलं आणि जिचं होतं तिला आईच्या कबरीवरून काढून टाकलं.

एक वाक्य विचारलं असतं. म्हणजे काय गं, एवढंच. आठ पावलांचा तर रस्ता.

रडले. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मास्तरांच्या घरी गेले. उभ्याउभ्याच सगळं ओकले. साडेचारचं ऊन मुद्दाम निवडलं, यंत्रानं हात टेकले हे खोटं, पट्टी उजवीकडे ओढून बघितलीच नाही. माझ्यामुळे वेनेरा गाव सोडून चालली आहे, ते पाकीट मला परत द्या.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कुत्रा नव्हताच ना?"

"नव्हता, मास्तर. आमच्याकडे कधीच कुत्रा नव्हता."

"माहीत होतं मला." पाकीट काढलं, वेनेराचा फोटो माझ्या हातात दिला. "उद्या बाराच्या आत दुसरा आण. बस एकची आहे." मी दाराशी पोचले तर मागून घसा खाकरला. "अगातीना. त्या डावीकडच्या... त्यात माझंही काही आलंय का?"

आलंय. धान्याच्या दुकानाच्या काचेत. शेजारच्या ज्या मांजराविरुद्ध त्यांनी नगरपालिकेत तीन अर्ज दिलेत, त्याला ते भिंतीआड वाकून सार्डिन मासे भरवताहेत.

"काही नाही, मास्तर," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी झाकलं.

घरी आले. वेनेराचा फोटो उघडला आणि पट्टीवर हात ठेवून तशीच बसले. आत काय असेल? सजवलंच नसेल तर? खोकी मागवणारं माणूस कशाला सजवेल? हात पुढे जाईना. उद्या सकाळी.

१ नोव्हेंबर, शनिवार

ओढली उजवीकडे. माझा बोर्ड गेला, ऊन गेलं, मी गेले. साखरेचे घोडेस्वार, नाचणाऱ्या बाहुल्या, बदामाची डाळिंबं आणि अंजिरं, हाडांच्या आकाराची बिस्किटं — सगळं आईच्या हातासारखं. आणि घोडेस्वारांच्या मागे वेनेरा, सदुसष्ट वर्षांची, माझ्याकडे बघत. जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. डावा डोळा मिटलेला. अंगठे कानांत.

१४ तारखेपासून ती या फोटोत तशी उभी आहे, आणि मी रोज पट्टी डावीकडे ओढत बसले होते.

फोटो असाच जाईल. जिभेसकट. पण आधी मी समोर जाऊन येते.